बँकरमामा

कॅसलरॉकमध्ये ‘बँकर’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे पासबुक येत नाही, इंजिन येतं. कुळ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला लावतात ते बँकर. ब्रागांझा घाटाचा चढ सदतीसाला एक. म्हणजे सदतीस फूट पुढं गेलात की एक फूट वर. कागदावर हे काहीच वाटत नाही, पण मुरगाव बंदरातला कोळसा भरून मालगाडी वर आणायची म्हटली की पुढच्या इंजिनांना धाप लागते आणि मागून कुणीतरी रेटा द्यावा लागतो. आमच्या मामांनी उभी नोकरी हा रेटा दिला. म्हणून ते बँकरमामा. माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या रेल्वे कॉलनीचे.

ही ओळख लोंढ्यापर्यंत बरोबर चालते. त्याच्यापुढं घोटाळा होतो. मामांचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं खानापूरकडच्या मंडळींना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा बँकर आहे. सासऱ्यांनी आनंदानं अंगठी जरा जाड केली. पहिल्या दिवाळसणाला जावई ड्यूटीवरून थेट आला, तो नखांत काळं घेऊन. सासऱ्यांनी बिचकत विचारलं, “कुठल्या शाखेत असता?” मामा म्हणाले, “शाखा नाही हो, मेन लाइन.”

तर असा हा माणूस. घाटात गाडीचा वेग ताशी तीसच्या आसपास, बरेचदा त्याहून कमी. मीटरगेजच्या वायडीएम-४ पासून ब्रॉडगेजच्या डब्ल्यूडीजी-४ पर्यंत मामांनी हाकलं सगळं, पण काटा तिथंच. खाली उतरताना तर करंझोळ, दूधसागर, सोनावळी अशा ठिकाणी गाडी थांबवायची, ब्रेक धरतोय ना बघायचं, मग पुढं. ज्याचं तारुण्य थांबून थांबून ब्रेक तपासण्यात गेलं त्याला नाद लागला तो वेगवान गाड्यांचा.

वेगवान गाड्यांचा नाद कुणालाही असतो. मामांचा नाद त्याहून बारीक आहे. एखादी कंपनी एक चपळ गाडी काढते. मग तीच गाडी, तोच सांगाडा, पण पोटात मोठं इंजिन घालून तिचा एक दांडगा भाऊ काढते. किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. आता सेकंडहँड घ्यायची झाली तर धाकटा घ्यावा की दांडगा? मामांच्या आयुष्यातला एवढा एकच प्रश्न. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या ते तोलतच नाहीत. “दोन घरची पोरं शेजारी उभी करून काय कळतंय? तुलना करायची तर सख्ख्या भावांची. आई-बाप एक, मग हा असा आणि तो तसा का, हे बघायचं.”

सुरुवात झाली १९८०च्या दशकात, राजदूत ३५० पासून. एस्कॉर्ट्सनं यामाहाची ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल आपल्याकडे आणली आणि तिच्यात दोन भाऊ निघाले. हाय टॉर्क साडेतीस अश्वशक्तीची, लो टॉर्क सत्तावीसची. पहिली पेट्रोल पाण्यासारखी पिते म्हणून दुसरी जरा आवळून काढलेली. मामा तेव्हा पंचविशीत, इंजिनावर असिस्टंट, आणि पोस्टात पैसे साठवलेले. ते रजा टाकून बेळगावला गेले, दोन्ही गाड्या पाहिल्या, दोन्हींचा आवाज ऐकला आणि “विचार करून सांगतो” म्हणून परत आले. विचार चालू असतानाच कंपनीनं गाडी बंद केली.

मग पालिओ. फियाटनं २००१ मध्ये आणलेली, आपल्या कुर्ल्यात बनणारी. एक १.२ लिटरची, समंजस, आणि एक १.६ ची, शंभर अश्वशक्तीची. त्या दांडग्यावर सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-१० सुद्धा निघाली. मामांचा विचार ह्या वेळी लांबला, कारण सहीची किंमत कुठल्या रकान्यात मांडायची हे ठरेना. सही इंजिनाला लागत नाही, पण विकताना लागते. चार वर्षं त्यात गेली. पालिओही गेली. तेव्हापासून आमच्याकडे असं म्हणतात, की मामांनी गाडीवर विचार सुरू केलाय हे कंपनीला कळवायला पाहिजे. त्यांना निरवानिरव करायला वेळ मिळेल.

निवृत्तीनंतर पोलो आली. ह्या पोलोच्या पायी मी स्वतः दोनदा गोवा पाहिला, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

धाकटा भाऊ पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनलेला, म्हणजे आपल्या पुण्याचा. २०१३ मध्ये ७ लाख ९९ हजारांना निघाला. १.२ लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभराचा वेग कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ९.७ सेकंदांत. दांडगा भाऊ पोलो जीटीआय. हा मात्र आयता परदेशातून आणलेला, २०१६ मध्ये, आणि सगळ्या देशासाठी मिळून फक्त ९९. इंजिन १.८ लिटरचं, १९२ अश्वशक्ती, शंभराला ७.२ सेकंद. किंमत २५ लाख ९९ हजार. दारं बाजूला दोनच, कूपे गाड्यांसारखी. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. सीटा चौकटीच्या कापडाच्या. मामींनी फोटो बघून विचारलं होतं, “लुंगीचं कापड लावलंय काय ह्यांनी?”

मामांच्या कपाटात दोनशे पानी लाल वही आहे. बाहेर ‘जी-१/जी-२’ एवढंच लिहिलेलं. डाव्या पानावर धाकटा, उजव्या पानावर दांडगा. मी ती वाचलीय. माणसानं ज्ञानेश्वरी लिहून काढावी अशा अक्षरात लिहिलेली आहे. त्यातला एक हिशेब मला पाठ आहे. नव्या किमतीला भागिले अश्वशक्ती: धाकट्यात एक घोडा सात हजार सहाशेला पडतो, दांडग्यात साडेतेरा हजारांना. त्याच्याखाली दुसरा हिशेब, लाल शाईत. दोघांच्या किमतीतला फरक अठरा लाख. वेळेतला फरक अडीच सेकंद. म्हणजे एक सेकंद वाचवायला सात लाख वीस हजार रुपये.

हे मामांनी एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मामी परातीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अडीच सेकंदांत तुमची बशी ओठाला पण लागत नाही.”

ह्यात विनोद असा, की ज्या माणसाला एकशे पाच घोडे की एकशे ब्याण्णव हे अजून ठरवता येत नाही, तो रोज चार हजार घोड्यांवर बसून कामाला जात होता. डब्ल्यूडीजी-४ ची ताकद तेवढी असते. तिच्या आधीची डब्ल्यूडीजी-३ए एकतीसशेची. ह्या दोघींचीही तुलना मामांकडे तयार असणारच, म्हणून मी एकदा विचारलं. मामांचा चेहरा निर्विकार. “ती कामाची इंजिनं रे. जी मिळेल ती चालवायची. त्यात बघायचं काय?”

जीटीआयच्या बाबतीत मोठी अडचण होती आजीची. आजी म्हणजे मामांची आई, पंच्याऐंशीच्या पुढची. गाडी घेतली तर आजी पहिल्यांदा बसणार हे घरात ठरलेलं, आणि पुढच्या सीटवर मामी बसणार हेही ठरलेलं. म्हणजे आजी मागं. दोन दारांच्या गाडीत मागं. मामांनी हा प्रश्न हवेत सोडला नाही. पडवीत दोन खुर्च्या पुढं मांडल्या, मागं बाक ठेवला, बाजूला सायकल आडवी टेकवून दार केलं. पुढची खुर्ची वाकवून धरली आणि म्हणाले, “आई, जा आत.” मी घड्याळ घेऊन उभा. आजी पदर खोचून, खुर्चीला नमस्कार करून, आडवी होत होत शिरली. आत जायला बेचाळीस सेकंद, बाहेर यायला एक मिनिट दहा. दोन्ही आकडे वहीच्या उजव्या पानावर आहेत, ७.२ च्या बरोबर खाली. तीन दिवस हा सराव चालला. चौथ्या दिवशी मामा विसरले, तर आजी स्वतःच साडी बदलून पडवीत येऊन बसली. “आज जायचं नाही काय रे?”

धाकटा आम्ही पहिल्या फेरीत पाहिला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी चांगली होती, मामांनी दोन तास पाहिली.

दुसऱ्या फेरीचं कारण म्हणजे नव्याण्णवांपैकी एक जीटीआय फोंड्याकडे आहे आणि मालक विकतोय अशी बातमी. पावसाळा नुकताच लागलेला. माझ्या वॅगनआरनं आम्ही अनमोडला लागलो. ही वॅगनआर मी बेळगावात एका दुपारी पाहिली आणि त्याच संध्याकाळी घेऊन आलो. त्या दिवसापासून मामा माझ्याकडे, मुलगी न पाहता लग्न केलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. अनमोड घाटात धुकं इतकं, की मी काच खाली करून रस्ता ऐकत चालवत होतो. मामा शेजारी बसून दर वळणाला आपल्या पायानं ब्रेक दाबत होते. तिथं ब्रेक नव्हता, रबराची चटई होती. आता तिला भोक आहे.

फर्मागुडीला गोपाळ गणपतीपाशी मालक गाडी घेऊन थांबला होता. तिशीचा पोरगा, बर्मुडा, गॉगल कपाळावर. गाडी लाल. खरं सांगतो, मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण ती गाडी उभी होती तीच मुळी निघाल्यासारखी. मामा देवळाकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. मला वाटलं गणपतीला. मग लक्षात आलं, देऊळ आणि मामा ह्यांच्यामध्ये गाडी होती.

मग पाहणी सुरू झाली. मामांची पाहणी म्हणजे चाकावर लाथ मारणं नव्हे. ते वाकले, आडवे झाले, चिखलात कोपर टेकून खाली पाहिलं. टोपीतून पट्टी काढून जमिनीपासूनचं अंतर मोजलं. बोनेट उघडायला लावलं आणि इंजिनकडे न बघता बिजागऱ्या बघितल्या. मग चारी चाकांच्या पुढं बसून काहीतरी शोधायला लागले.

मालकानं विचारलं, “कितें सोदतात?”

“वाळूचा डबा.”

“वाळू?”

आता हे मामांचं वेड नव्हे, नीट ऐकण्यासारखं आहे. चढावर रूळ ओले झाले की इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरतं. ताकद असून उपयोग नाही, पकड नसते. म्हणून इंजिनाला वाळूचे डबे असतात आणि चाकापुढं रुळावर वाळू सोडायची सोय असते. घाटात पावसाळ्यात चार हजार घोड्यांची अब्रू शेवटी ओंजळभर वाळूच राखते. मामांचं म्हणणं एवढंच, की एकशे ब्याण्णव घोडे तुम्ही पुढच्या दोन चाकांवर सोडणार, आणि आमच्या स्टेशनाजवळचा चढ म्हणजे जून ते सप्टेंबर तांबडं लोणी. चाक फिरेल, गाडी नाही.

मालकानं मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी देवळाकडे पाहिलं.

“चालवून बघा मरे पात्रांव,” तो शेवटी म्हणाला. “चालवल्याबगर कळना.”

मामा बसले. सीटच्या चौकटींवरून एकदा तळवा फिरवला, आरसा लावला, आणि गाडी फर्मागुडीच्या उतारावरून फोंड्याच्या दिशेनं सोडली. मी मागं. मला आत शिरायला किती सेकंद लागले ते मामांनी विचारलंच. उतार चांगला होता, रस्ता मोकळा होता, पाऊस थांबला होता. काटा वीसवर गेला, पंचवीसवर गेला, तीसवर येऊन चिकटला. मागून एक कदंबची बस हॉर्न वाजवत पुढं गेली. तिच्या मागून मासळीवाला स्कूटरवर. मालक सीटच्या कडेवर आलेला. “दाबा मरे पात्रांव! दाबा!” मामा शांत. दोनशे मीटरवर गाडी कडेला घेतली, पूर्ण थांबवली, तीनपर्यंत मोजलं, पुन्हा निघाले. मालकाला वाटलं काहीतरी बिघडलं. पुन्हा दोनशे मीटर, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी मागून हळूच म्हटलं, “मामा, सोनावळी झालं. आता कुळे.” मामा हसले. माझ्या आठवणीत मामा तेवढे कधी हसलेले नाहीत.

वर परत येताना मात्र काय झालं कुणास ठाऊक. चढ समोर आला, मामांनी पाय दाबला, आणि गाडी जी उसळली, ती माझं डोकं मागच्या काचेला आणि पोट पाठीला. किती वेळ गेला? तीन सेकंद असतील, चार असतील. मामांनी पाय काढला. गाडी उभी केली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, “मागून कुणी ढकलत नव्हतं.”

“नाय,” मालक म्हणाला. “तीच.”

भाव विचारला, तो ऐकला. मग कर्नाटकाच्या कराचा विषय निघाला, कारण गोव्याची गाडी आमच्याकडे कायमची आणायची तर तिथल्या आरटीओकडून ना हरकत दाखला, इकडे नवी नोंदणी, आणि आयुष्यभराचा कर पुन्हा भरणं आलं. मामांना हे सगळं तोंडपाठ. मामांचे वडील सांगायचे, एकसष्टपूर्वी पोर्तुगिजांच्या हद्दीतून येणाऱ्या माणसाची ट्रंक कॅसलरॉकला उघडून बघत, साडीसुद्धा झटकून बघत. मामा म्हणाले, “गोव्याहून काही आणायचं तर आमच्या घराण्याला सवय आहे थांबायची.” मालकानं विचारलं, “म्हणजे घेणार ना?” मामा म्हणाले, “हिचा धाकटा भाऊ एकदा परत बघून येतो.”

आमच्याकडे मोबाइलला रेंज म्हणजे स्टेशनच्या पादचारी पुलावरची तिसरी पायरी. कॉलनीतले सगळे महत्त्वाचे फोन तिथं उभं राहून होतात. लग्नं तिथं ठरलीत आणि मोडलीत. आठ दिवसांनी मामा तिसऱ्या पायरीवर उभे होते, मी दुसऱ्या. खाली गोवा एक्स्प्रेस उभी होती, तिला इंजिनं लागत होती. फोन धाकट्याच्या मालकाचा. गाडी गेली. लगेच मामांनी दांडग्याला फोन लावला. तीही गेली, कालच, कोल्हापूरच्या कुणाला. मामांनी फोन खिशात ठेवला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सांत्वनाचं एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. मामांच्या चेहऱ्यावर सिग्नल मिळालेल्या ड्रायव्हरचं समाधान होतं. “बरं झालं,” म्हणाले. “पोलो २०२२ मध्येच बंद झालीय. आता आकडे बदलणार नाहीत. आता शांतपणे बघता येईल.” आणि त्या रात्री, मामी सांगतात, वहीत नवं पान उघडलं.

ह्या सगळ्यात मामींनी एक गोष्ट केली. रामनगरच्या बाजाराला गेल्या होत्या, येताना ॲक्टिव्हा घेऊन आल्या. किती वेळ लागला म्हटलं, तर म्हणाल्या, “रंग दोनच होते.” मामांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: “एकशे दहा घेतलीस. एकशे पंचवीसची पण येते, बघितलीस काय?” मामी म्हणाल्या, “बसा मागं, गॅस आणायचाय.”

त्या संध्याकाळी मी पडवीत आजीजवळ बसलो होतो. पाऊस धरून होता. स्टेशनाकडून वर येणाऱ्या चढाला खाली स्कूटरचा आवाज आला. मामी पुढं, मध्ये सिलिंडर, मागं मामा, डोक्यावर इरलं. निम्म्या चढावर मागचं चाक तांबड्या मातीत जागच्या जागी फिरायला लागलं. मामा उतरले. इरलं मागं सारलं, चप्पल काढून हँडलला अडकवली, सिलिंडरवर एक हात आणि सीटच्या कडीला दुसरा, आणि वाकून असा रेटा दिला की स्कूटर हलली. मामींनी पुढून दोनदा हॉर्न दिला.

मागून, पावसातून, मामांनी तोंडानं शिट्टी दिली. दोनदा. मग दोघं हळूहळू वर यायला लागले.